हिच्या हातचं माणिक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खड्यांना पैलू पाडण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

कलम १. राहतं घर, खालच्या दुकानासह, माझ्यामागे संपूर्णपणे पत्नीच्या मालकीचं राहील. "आता आमच्याकडे ये," असा धोशा मुलांनी लावू नये. सुनांच्या स्वयंपाकघरात तिला लुडबुड करायला आवडतं, राहायला नाही.

कलम २. बँकेत जे उरेल ते दोघा मुलांना निम्मं निम्मं.

कलम ३. पैलू पाडायची चकती, चिमटे आणि भिंग थोरल्याच्या मुलीला. तिच्या बापाने भिंगातून मोबाइलच पाहिला असता.

कलम ४. पत्नीची अंगठी. खरं तर हिच्यापायीच लिहायला बसलो. मध्यंतरी दोघा मुलांचं त्यावरून वाजलं. थोरला म्हणाला, "एवढं मोठं माणिक, एक डाग नाही. विकलं तर दुसरं दुकान उभं राहील." धाकटा म्हणाला, "आणि माझा वाटा?" आई समोरच बसली होती. तेव्हापासून दोघांत अबोला आहे, आणि हिने अंगठी काढून डब्यात ठेवली आहे. म्हणते, "पोरांच्या भांडणाचं कारण बोटात कशाला मिरवू?" तिचं रिकामं बोट माझ्याने बघवत नाही.

लेकांनो, बापाचा धंदा शिकला असतात तर कळलं असतं. एवढं मोठं आणि स्वच्छ माणिक दिसलं की आधी संशय घ्यायचा. ते जमिनीतलं नाही, भट्टीतलं आहे. लग्नात तुमची मावशी "काच घातलीस की रे!" म्हणाली होती, तेही साफ चूक. काच माणकाचं नुसतं सोंग घेते, आणि लवकर झिजते. भट्टीतलं माणिक हे माणिकच, तितकंच कठीण, तितकंच लाल. जन्म तेवढा कारखान्यात. भिंगाखाली त्यात वळणदार रेघा दिसतात, म्हणून बाजारात भाव नाही. त्यात दुसरं दुकान सोडा, दुकानाची कडीसुद्धा येणार नाही.

ते तुमच्या आईने वाढवलंय. त्या कारखान्यात ती भट्टीवर होती, मी पैलूवाल्यांत. ज्योतीतून भुकटी झिरपत राहते आणि खाली खडा मेणबत्तीसारखा चढत जातो. भट्टीवरच्या माणसाने तेव्हा खडा एका लयीत खाली घेत राहायचं, हात क्षणभरही थांबता कामा नये. मी नेमकं तेव्हाच जाऊन विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?" ही म्हणाली, "खडा बिघडला तर पगार तुझा कापायला लावीन." पण तिचा हात थबकला, आणि खड्याच्या पोटात बुडबुडा राहिला. मुकादमाने खडा बाद केला. मी तो मागून घेतला. कोणीही पैलूवाला बुडबुडा कापून टाकतो. मी तो मधोमध ठेवला, भिंगाशिवाय दिसत नाही एवढा बारीक.

अंगठी कोणाच्याही वाट्याला येणार नाही. ती तिच्याच बोटात राहील. हा कागद मी कपाटात ठेवणार नाही. उद्या दोघांना जेवायला बोलावून मोठ्याने वाचणार आहे.

सहीपूर्वीची दुरुस्ती : वरचा मजकूर पत्नीने वाचला. अंगठी तिने परत घातली आहे. ती म्हणते, "हात थबकला नव्हता. मी मुद्दाम थांबवला होता. बाद झाल्याशिवाय खडा तुला मिळाला असता का?" इतक्या वर्षांत हे मला आज कळलं. दुरुस्ती मान्य.

सही : पैलूवाला
साक्षीदार : १. समोरच्या डॉक्टरीणबाई २. शेजारचे शिंपी
ठिकाण : कामाचं मेज
दिनांक : ९ मार्च