फोटोवरचा हार

शनिवार, संध्याकाळ

उद्या मॅरेथॉन आणि आज गुडघा सुजलाय. घरात कोणाला बोललो नाही. बोलणार तरी कसा? आमच्या हाटकेश भागातल्या डायलिसिस सेंटरला मशीन घ्यायचं म्हणून अख्ख्या सोसायटीने माझ्या धावण्यावर देणगी दिलीय. वर गेटला माझ्या फोटोचा हा एवढा फ्लेक्स: 'मॅरेथॉन पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. अरे, अजून पळालोय कुठे?

तेवढ्यावर भागलं नाही. सेक्रेटरी जिग्नेशभाईंनी त्या फोटोला झेंडूचा हार घातला. आई भाजी घेऊन येत होती, ती गेटवरच थबकली. घरात बाबांच्या फोटोला हार आहे. डायलिसिसवर असतानाच गेले ते. "जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का?" म्हणत तिने तो ओढून काढला. जिग्नेशभाई बिचारे "भाभी, शगुन है" म्हणत राहिले.

मला वाटलं, आता ही मला जाऊच देणार नाही. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. सुटलो. पळपुटा साला!

पण ती हार घेऊन सरळ घरात गेली. आत्ता पाण्यासाठी फ्रीज उघडला, तर तो हार दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलेला. मागून आवाज आला, "उद्या गळ्यात घालीन. लंगडत आलास तरी चालेल, पण ये."