मावशी, तुम्ही कमिटीवर आलात तेव्हा

मावशी,

तुम्ही पहिल्यांदा केंद्रात आलात त्या दिवशी मी तुम्हाला साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी तेवीस वर्षांची होते, समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच कामाला लागले होते आणि माझ्यासमोर चार पानांचा फॉर्म होता. मुलुंडच्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकवलेलं बाकडं. तुम्ही नाहूरहून चालत आला होतात. खानावळीतल्या पोळ्या लाटून सरळ इकडेच, त्यामुळे मनगटापर्यंत पीठ तसंच होतं. मी वरून खाली प्रश्न विचारत गेले. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, नवऱ्याची नोकरी काय. नवरा कचेरीत शिपाई, चाळीच्या सत्यनारायणाला सगळ्यात पुढे, कुणाशी वर आवाज करून बोलणार नाही असा माणूस. "दारू पितात?" मी विचारलं. "नाय." "जुगार?" "नाय गो." "मग मारतात कशामुळे?" तुम्ही म्हणालात, "ता त्यांका विचार." मी फॉर्मवर लिहिलं, कारण अस्पष्ट.

केंद्राची एक पद्धत होती. बाईची तक्रार नोंदवली की आठवड्याभरात नवऱ्याला पत्र जायचं. केंद्राच्या छापील कागदावर, 'सन्माननीय महोदय, आपल्या पत्नीने आपल्याविरुद्ध' अशी सुरुवात, खाली अमुक दिवशी चर्चेसाठी यावे अशी विनंती. ती पद्धत आमच्या अध्यक्षबाईंनी घालून दिली होती. बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. केंद्राच्या त्या दोन खोल्याही त्यांनीच, पदर खोचून दारोदार फिरून मिळवलेल्या. पालकांना चिठ्ठी पाठवली की पालक येतात, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. तुमच्या घरचं पत्र मी लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिलं. मी स्वतः पोस्टात टाकलं आणि त्या दिवशी काम केल्यासारखं वाटलं.

बारा दिवसांनी तुम्ही परत आलात. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी उठून उभी राहिले. तुम्ही डाव्या हाताने ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढलात आणि टेबलावर ठेवलात. "ह्या कोणी लिवल्यान?" मी म्हटलं, मी लिहिलं. मला वाटलं, आता तुम्ही ओरडाल. तुम्ही बाकड्यावर बसलात, पाणी मागितलंत, प्यायलात आणि मग एखादा हिशोबी माणूस सांगतो तसं सगळं सांगितलंत. शनिवार होता, त्यांना अर्धा दिवस होता, पोस्टमन दुपारी येतो, तो आला तेव्हा ते घरीच होते. त्यांनी पत्र तुम्हाला वाचून दाखवलं. एकदा नाही, दोनदा. मग रेडिओ मोठा केला आणि दार लावलं. "तुझा अक्षर बरा आसा," तुम्ही म्हणालात. "पण ता कोणाच्या हातात पडतला, तेव्हा घरात कोण असतला, ह्या एकदा तरी माका विचारूचा होतास."

मला रडू आलं. तुम्ही म्हणालात, "रडू नको. तू रडत बसलीस तर मी कोणाशी बोलू?" प्लास्टर निघेपर्यंत पोळ्या लाटता येणार नव्हत्या, नाहूरच्या खोलीत तुम्हाला परत जायचं नव्हतं, आणि तरी तुम्ही माझी समजूत घालत होतात. खानावळीच्या मालकीणबाईंनी तुम्हाला मागची खोली दिली, हात बरा होईपर्यंत भाजी निवडायचं काम दिलं. आम्ही तुम्हाला पोलीस चौकीत घेऊन गेलो, वकील बघून दिला. नाहूरला तुम्ही राहायला म्हणून पुन्हा कधीच गेला नाहीत. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तुम्ही केंद्रात येऊन त्या बाकड्यावर बसू लागलात. मी विचारलं, मावशी, काही काम होतं का? तर म्हणालात, "काम तुमचा आसा. मी बघतंय."

आणि तुम्ही खरोखरच बघत होतात. समोरच्या भाजीवालीजवळ बसून तीन दुपारी तुम्ही फक्त आमचं फाटक बघितलंत. चौथ्या दिवशी आत येऊन बाईंना म्हणालात, "बाई, बायका येतात. फाटकापर्यंत येतात, पाटी वाचतात आणि पुढे निघून जातात. काल एक निळ्या साडीतली दोनदा येऊन गेली." पाटीवर मोठ्या अक्षरात होतं, पीडित महिला साहाय्य केंद्र. ते नाव बाईंनी स्वतः निवडलेलं. त्या जरा ताठपणे म्हणाल्या, "त्यात चूक काय आहे? ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळायला नको?" तुम्ही म्हणालात, "कळतं ना. त्यांच्या शेजारणीलापण कळतं. पीडित म्हणून सगळ्यांदेखत आत कोण शिरणार? शिवण शिकायला चाललेय म्हटलं तर मी येईन." पंधरा दिवसांनी पाटी बदलली. 'महिला केंद्र, शिवण आणि सल्ला'. शिवणयंत्र आमच्याकडे नव्हतंच, ते बाईंनी आपल्या घरचं आणून ठेवलं. निळ्या साडीतली बाई पहिल्याच आठवड्यात आत आली.

मग तुम्ही थांबलाच नाहीत. आमची वेळ अकरा ते पाच होती आणि दुपारी एक ते तीन जेवणाची सुट्टी. तुम्ही हसून म्हणालात, अगं, घरातली माणसं कामाला गेली, पोरं शाळेत गेली, नळाला पाणी यायला अजून अवकाश, अशी बाईला मोकळी दुपार मिळते ती हीच, आणि तेव्हाच तुम्ही कडी लावून डबा खाता! आम्ही डबा बारालाच खायला लागलो. कपाटाची गोष्ट तर मी आजही नव्या मुलींना सांगते. घर सोडायची वेळ आली की बाईच्या हाताला रेशनकार्ड लागत नाही, शाळेचा दाखला लागत नाही, मुलांचे जन्माचे दाखले सासूच्या ट्रंकेत. तुम्हाला स्वतःला नेसत्या साडीनिशी निघावं लागलं होतं. तुम्ही बाईंकडून एक लोखंडी कपाट मागून घेतलंत आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगू लागलात, "आज काय ठरवू नको. फक्त कागद हळूहळू एकेक करून आणून ठेव. जायचं की राहायचं ते मागाहून बघू." चार पानांच्या फॉर्मवरून जे शिकले नव्हते ते मी तुमच्या त्या बोलण्यातून शिकले. आणि पत्राचं तर तुम्ही आधीच ठरवून टाकलं होतंत. बाईने स्वतः सांगितल्याशिवाय कुणाच्या घरी कागद जाणार नाही, आणि जाईल त्या दिवशी ती कुठे असेल ते आधी ठरलं पाहिजे.

तुम्हाला मी अजून बाकड्यावरच बघते. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, एक पाय दुसऱ्यावर, आणि शेजारी कोणीतरी नवी बाई मान खाली घालून बसलेली. तुम्ही तिला काहीच विचारत नाही. तुम्ही तिच्याजवळ भाजीच्या भावाबद्दल बोलता, तुमच्या हाताबद्दल बोलता, तो हात पावसाळ्यात कसा ठणकतो ते सांगता. अर्ध्या तासाने ती आपणहून बोलायला लागते. मी टेबलापाशी बसून ऐकते आणि मनात म्हणते, हे मला का येत नाही?

वर्षभराने तुम्ही बाईंना म्हणालात, "कमिटीवर आमच्यातल्या दोघी तरी हव्यात." तुम्ही आणि ती निळ्या साडीतली. कमिटी म्हणजे बाई आणि पगारी कार्यकर्ती म्हणून मी धरून सात जणी, बाकीच्या डॉक्टर, वकील, प्राध्यापिका. बैठकीला तुम्हाला बोलावलं, पण बाहेर बसायला सांगितलं. आत चर्चा सुरू झाली. एकीने म्हटलं, ज्यांना मदत द्यायची त्याच ठरवायला बसल्या तर शिस्त कशी राहील. दुसरी म्हणाली, दुसऱ्या बायकांच्या खासगी गोष्टी त्यांच्या कानावर जातील, चाळीत पसरतील. तेवढ्यात तुम्ही दार ढकलून आत आलात. "बाहेर सगळं ऐकायला येतं," म्हणालात. "मी एवढंच सांगते आणि जाते. ह्या हाताचं तुम्ही चाळीत कोणाकडून ऐकलंत? कोणाकडून नाय. वीस वर्षं मी मार खाल्ला आणि भिंतीपलीकडच्या बाईला कळू दिलं नाय. गुपित ठेवायचं आम्हाला शिकवू नका. आणि शिस्तीचं म्हणाल तर ते पत्र शिस्तीतच आलं होतं." मग तुम्ही दार लावून परत बाहेर जाऊन बसलात. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा."

चार हात वर झाले, तीन नाही. तुम्ही कमिटीवर आलात आणि पुढची चौदा वर्षं तुमच्यासमोर एकही ठराव न समजता मंजूर झाला नाही. "मराठीत सांग," म्हणायचात, मराठीत लिहिलेल्या ठरावालासुद्धा. तुम्ही गेलात तेव्हा केंद्रासमोर चपलांना जागा नव्हती. आज कमिटीत निम्म्याहून जास्त जणी एके काळी त्या बाकड्यावर बसलेल्या आहेत, आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नाही, हे मला सगळ्यात विशेष वाटतं.

त्या दिवशी बैठक संपल्यावर तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "तुझ्यामुळे झाला गो बाय. चौथो हात तुझोच असतलो, माका म्हायत आसा." मी हसले. बाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं, आणि पिशवी उचलून त्या निघून गेल्या. त्यांनी शेवटपर्यंत तुम्हाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी त्या वेळी बैठकीचा वृत्तांत लिहीत होते, मान खाली होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. खरं म्हणजे मला भीती वाटली होती. तुम्ही कमिटीवर बसलात की माझ्या पदवीची गरज कुणाला राहणार, ही भीती.

चौथा हात बाईंचा होता, मावशी. माझा नव्हता.