बारशाआधीचे वायरलेस

१० नोव्हेंबर २००९, मंगळवार
रविवारी सकाळी आठला राजरत्नच्या मुलीचे बारसे. बाळ न्यू जर्सीला, आत्या इथे खरवईला. म्हणजे रोहिणी आमच्या हॉलमधून लॅपटॉपवर कुर्र करणार आणि मी ठरवलेले नाव घेणार: प्रज्ञाशीला. सूनबाईंना, मनालीला, रिया हवे आहे. पण नाव आत्या ठेवते, आणि आत्या माझी मुलगी आहे. प्रश्न मिटला.
एवढ्या कामाआधी यंत्र अद्ययावत हवे. वायरलेसच्या राउटरमध्ये नवे फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्रॅम, स्वतः टाकले. बी.एस्सी. फिजिक्स, १९६९. कोणाची गरज पडली नाही.

सायं. ५
वायरलेस गायब. राउटर नव्याला सरावतो आहे. वेळ लागणारच.

११ नोव्हेंबर
सरावला नाही. कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, बंद करून चालू करा. तिला शिक्षण विचारले. फोन ठेवला तिने.
हे म्हणाले, जुने बरे चालले होते की. यांचे प्रत्येक बाबतीत हेच.

१२ नोव्हेंबर
रोहिणीने उल्हासनगर कॅम्प चारहून राजेशला आणले. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. राउटर उलटा करून लेबल वाचले आणि हसतच सुटला. आंटी, डब्बा व्हर्जन टू का और माल व्हर्जन थ्री का डाला? मी म्हटले, तीन हे दोनपेक्षा मोठे असते. आणि आंटी नाही, मॅडम. तर म्हणतो, मॅडम, चप्पल भी बड़े नंबर की पहनती हो क्या?
दुरुस्तीला राउटर दोन दिवस मागत होता. दिला नाही. तोवर मॉडेमची वायर थेट लॅपटॉपला लावा म्हणाला. वायर बेडरूमपर्यंतच पोचते. पंचवीस पाहुण्यांना काय पलंगावर उभे करू?

१३ नोव्हेंबर
शुक्रवार. वीज नाही. नाहीतर आजच झाले असते.

१४ नोव्हेंबर
व्हर्जन दोनची फाइल मिळाली. आजच टाकता आली असती, पण लाडू व्हायचे होते. उद्या साडेसातला टाकेन. अर्धा तास भरपूर.
रोहिणीला नावाची चिठ्ठी दिली. म्हणाली, आई, मनालीला एकदा विचार ना गं. मी म्हटले, लाडू वळ.

१५ नोव्हेंबर, रविवार
७.३०
फाइल टाकली. मशीन म्हणते, हात लावू नका. लावत नाही.

७.५५
दिवा लुकलुकतो आहे. प्रगती. रोहिणीने लॅपटॉप उचलून बेडरूममध्ये नेला, वायर लावली. पाहुणे पलंगावर. त्रिशरण-पंचशील सुरू झाले. हे हाका मारताहेत. कळवले, वायर काढल्याशिवाय मी येणार नाही.

८.१०
रोहिणी आतून ओरडली, आई, मनाली रडतेय, तू येऊन बोल तिच्याशी! म्हटले, दोन मिनिटे थांबवा सगळे. तेवढ्यात टाळ्या.

८.२५
वायरलेस सुरू! राजेशशिवाय! सिग्नलच्या पाचही काड्या. लॅपटॉप हॉलमध्ये आणला, सगळ्यांना हाक मारली. सगळ्यांच्या तोंडात लाडू. स्क्रीनवर राजरत्न एकटाच. हळूच म्हणाला, आई, जरा हळू. रिया आत्ताच झोपली.

८.४०
राउटर नव्या नेटवर्कसाठी नाव मागतो आहे. इथे रडायला कोणी नाही. प्रज्ञाशीला टाकले.