माठातला वाळा

अहो,

आबांना सकाळपासून जुलाब-उलट्या चालू आहेत. त्यांना दवाखान्यात घेऊन जाते, रिक्षा दारात उभी आहे. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून ही चिठ्ठी.

आबांच्या खोलीतला माठ मोरीत ठेवलाय. एकदा नाक खुपसून त्याचा वास घ्याच. 'उन्हाळ्यात नैसर्गिक राहा' म्हणून ग्रुपवर फोटो टाकायला पाडव्याला तुम्ही त्यात वाळ्याची जुडी सोडली होती. ती आज, दीड महिन्यानं, मी बाहेर काढली. शेंबडासारखी तार सुटत होती. तुम्ही वरून रोज नुसतं पाणी ओतत राहिलात, आबांना माठातलंच प्यायला सांगितलंत, आणि स्वतः फ्रिजची बाटली तोंडाला लावलीत. मीही फ्रिजचंच प्यायले, त्याची किळस वेगळीच.

येताना आबांची दोन धोतरं आणि चादर आणा. ग्रुपवर आज काही टाकू नका.

पाण्याला एवढी घाण येत होती तर प्यायलात कशाला, असं मी आत्ता आबांना विचारलं. तुमचं नाव घेऊन म्हणाले, "कुंदननं सांगेल हाये, मंग पानी चांगलंच असीन."

नूतन