गाठीखालचा चाफा

अण्णा, काल मी फुलांच्या प्रदर्शनाला गेले होते. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही असतात तर आधी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं असतंत आणि म्हणाला असतात, "काय गो, आज सूर्य समुद्रातून उगवला काय?" दापोलीच्या त्या रोपवाटिकेत कलमं बांधण्यात तुमची सगळी नोकरी गेली. दर थंडीत तिथे प्रदर्शन भरायचं, कुंड्या मांडण्यापासून पाणी मारण्यापर्यंत सगळं तुमच्याकडे असायचं, आणि दर वर्षी तुमचं एक पोस्टकार्ड रत्नागिरीला यायचं, या खेपेला डेलिया चांगला आलाय, येऊन जा. मी वेळ नाही म्हणून कळवायची. वेळ होता. एकदा आमच्या ऑफिसातल्या बायका गाडी करून तुमचं प्रदर्शन बघायला निघाल्या, मलाही हाक मारली, तर मी ताप आलाय म्हणून घरी गोधडी ओढून पडून राहिले. कारण त्यांना मी माझे वडील शेतकी खात्यात आहेत असं सांगून ठेवलं होतं, आणि तुम्ही तिथे खाकी हाफपँटमध्ये, हातात पाण्याचा पाइप धरून उभे असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यातली एक म्हणाली, तिथला म्हातारा माळी फार गोड होता हो, जाताना प्रत्येकीला चाफ्याचं एकेक फूल दिलं. माझ्यासाठी तिने मागून एक जास्तीचं आणलं होतं. मी ते घेतलं, छान आहे म्हटलं आणि डोक्यात माळलं.

त्याच चाफ्यासाठी मी काल गेले. दापोलीजवळच्या मुरुडला एका विहिरीपाशी तुम्हाला तो सापडला होता. साध्या सोनचाफ्यापेक्षा फिका, ताज्या लोण्याच्या रंगाचा, रुंद पाकळीचा, आणि एक फूल तांब्यात ठेवलं तर ओटीवरून स्वयंपाकघरापर्यंत कळायचं. विहीर बांधून काढताना ते झाड गेलं, पण त्याआधी तुम्ही त्याच्या काड्या आणून कलमं बांधली होतीत. त्याला तुम्ही नाव दिलं नाहीत, कधी विकलाही नाहीत. लोकच अण्णांचा चाफा म्हणायला लागले. कोणीही यावं, काडी मागावी आणि तुम्ही द्यावी. आई करवादायची, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "काडी मागणाऱ्याला नाही म्हणू नये. आणि कोणी चोरून नेत असेल तर आपण दुसरीकडे बघावं. चोरलेली काडी जास्त जगते."

मी इथे घर बांधलं तेव्हा तुम्ही एसटीने आलात. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या. परसात आदल्या वर्षी तुम्हीच लावून गेलेलं बियांचं रोप गुडघ्याच्या वर गेलं होतं. उकिडवे बसून तुम्ही त्याचा शेंडा छाटता, काडीला पाचर करता, बसवता, पट्टी गुंडाळता, आणि मी वर उभी राहून घड्याळ बघते आहे. "बस जरा," तुम्ही म्हणता. मग माझं बोट धरून त्या पट्टीवर ठेवता. "ही गाठ. हिच्या वरती आपला चाफा, खाली रानटी खुंट. खालून फूट आली की नखाने खुडायची, दया करायची नाही. गाठीखालचं आपलं नाही, लक्षात ठेव." मी हो म्हटलं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. पहिली काही वर्षं मी खुडलंसुद्धा.

झाड फुललं तसा माझा तोरा वाढला, हे सांगायला हवं. तुमच्या हयातीत जिने तुमचा धंदा लपवला, तीच मी आता गल्लीत सांगत फिरायची की असा चाफा अख्ख्या जिल्ह्यात नाही, आमच्या वडिलांनी तयार केलाय. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं. मग पाच वर्षांपूर्वी जूनमध्ये ते वादळ आलं. रत्नागिरीत कौलं उडाली तेवढ्यावर निभावलं, पण दापोलीकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर महिन्याभराने एक गृहस्थ माझ्या गेटाशी उभे राहिले. रोपवाटिकेत तुमच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेले, मुरुडचे, तुम्ही ज्यांना नेहमी आमचा गडी म्हणायचात ते. केस सगळे पांढरे झालेले, काखेत पिशवी. पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाय, तिकडची अण्णांच्या चाफ्याची सगळी झाडं गेली. माझ्या दारातला होता तोही मुळासकट पडला. शोध शोध शोधला, आता तुमच्याकडे आहे तेवढाच. चार काड्या द्या, मी बांधतो. जगली की पयलं कलम तुम्हाला आणून देतो." पिशवीत त्यांनी चाकू आणि ओलं फडकं आणलं होतं. फडकं घरून भिजवून आणलं होतं.

एवढ्यावर थांबले असते तर बहुतेक मी दिल्या असत्या. पण ते तुमच्याबद्दल बोलत बसले. पट्टी गुंडाळताना तुम्ही ओठातल्या ओठात आरती म्हणायचात म्हणे, म्हणजे घाई होत नाही. आई गेल्यावर गणपतीत तुम्ही त्यांच्याकडे जेवायला जायचात म्हणे, त्यांच्या बायकोच्या हातच्या पातोळ्या तुम्हाला आवडायच्या. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तुम्ही गणपतीत दापोलीला एकटे राहता ते कामामुळे. माझ्याच पायरीवर बसून हा माणूस मला माझे वडील सांगत होता, आणि ते मला सोसेना. हेवा वाटला, अण्णा, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "आमच्या बाबांच्या झाडाला मी चाकू लावू देणार नाही. शेवटची आठवण आहे." बाबा म्हटलं, जसं काही मी तुम्हाला कधी बाबा म्हणत होते. त्यांनी एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला, मन बदललं तर कळवा म्हणाले, आणि उठले. ते वळणापर्यंत जाईतो मी गेट धरून उभी होते. चिठ्ठी कॅलेंडरच्या मागे खोचली.

पुढच्या वर्षी कंपाउंडची भिंत ढासळली. चिरे नव्याने लावायचे तर चाफा आड येत होता. गवंडी म्हणाला, थोडा छाटतो. मी थोडाच हं म्हणून चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर जमिनीपासून वीतभर बुंधा उरला होता आणि बाकीचं झाड परसात आडवं पडलं होतं. मी त्याला इतकं बोलले की तो पुढचे दोन दिवस कामावर आला नाही. पण पावसात बुंध्याला फुटवे आले, चांगले तरतरीत, आणि मी शेजारणीला बोलावून दाखवले, अण्णांचा चाफा असा मरत नाही म्हणून. यंदा त्याला फुलं आली. आणि महिन्याभरात गावात पोस्टर लागलं की मोठं पुष्पप्रदर्शन भरतंय, घरच्या परसातल्या फुलांची स्पर्धा आहे.

तर काल सकाळी उन्हाच्या आधी मी नऊ फुलं काढली. तुमच्या त्याच डब्यात, ओल्या फडक्यात. शाळेच्या मैदानावर केवढा मांडव घातला होता. मला वाटलं होतं शंभरेक कुंड्या असतील. आत गेले आणि उभीच राहिले. गुलाबांचीच एक अख्खी गल्ली, पुढे शेवंतीचे डोंगर, ऑर्किडं झाडाच्या सालीवर बसवलेली, ताटाएवढे डेलिया, वीतभर उंचीचे वड. झेंडूचा मोठा मोर केला होता आणि त्याच्यापुढे फोटो काढायला रांग. आणि प्रत्येक कुंडी अशी वळवलेली की फुलाचं तोंड माणसाकडे. त्या कुंड्या कुणीतरी पहाटे उठून एकेक करून फिरवल्या असणार. तुम्ही तीस वर्षं हेच करत होतात, आणि मी गोधडीत होते. एका माळ्याने पाइप बाजूला घेऊन मला वाट करून दिली. त्याच्याकडे मला वर मान करून बघवेना.

स्पर्धेच्या टेबलाशी कार्ड भरायचं होतं. मी पितळी तांब्या मांडला, फुलं लावली आणि सावकाश लिहिलं. फुलाचं नाव, अण्णांचा चाफा. तयार करणारे, तुमचं पूर्ण नाव. खाली व्यवसायाचा रकाना होता. मी तिथे माळी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, आणि खरं सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटलं. डोळे भरून आले वगैरे. तेवढ्यात टेबलामागून आवाज आला, "आणलीत काय अण्णांची फुलं?" तेच गृहस्थ. परीक्षकांबरोबर मदतीला बोलावलं होतं त्यांना. तोंड उजळलं होतं त्यांचं, मागचं काही मनात नसल्यासारखं. त्यांनी एक फूल उचललं, नाकाशी नेलं, मग पाकळी बोटावर घेऊन उजेडात धरली.

मग आजूबाजूला कोणी ऐकत नाही असं बघून हळू म्हणाले, "झाड मधे कुठं तोडला होता काय, बाय?"

मी भिंतीचं सांगितलं.

"किती ठेवला होता?"

मी हाताने दाखवलं.

"मग ही फुलं खुंटाची. पाकळी बघा ना, बारीक पडलीय. वास पण साधा." त्यांनी फूल परत तांब्यात ठेवलं, दुसऱ्या फुलांच्या ओळीत नीट बसवलं. "झाड जोराचा असेल. त्याच्यावर काय पण बांधता येईल. पण बांधायला आता काय नाय."

मी विचारलं, दुसरीकडे कुठे? पोफळीला, चिपळूणला, कोणाकडे तरी असेल. त्यांनी मान हलवली. सगळीकडे फिरून झालं होतं त्यांचं. मी अगदी मूर्खासारखं म्हटलं, "तेव्हा तुम्ही चोरून तरी न्यायच्या होत्यात हो एक-दोन."

"तशी नेणारच होतो," ते म्हणाले. "अण्णांनीच शिकवलेला. पण तुम्ही गेटात उभं राहून बघत होतात."

ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. भांडायला मला काय लागतं. पण ते असं बोलले जसं पावसाबद्दल बोलावं. नंतर त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "हे काय करू? नाव राहू दे की काढू?" मी कार्ड उचलून पर्समध्ये टाकलं. तांब्या रिकामा केला. फुलं तिथे टाकवेनात, म्हणून परत डब्यात भरली. निघताना त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, घरी या एकदा मुरुडला, बायको विचारते अण्णांच्या लेकीला.

आज सकाळपासून हे लिहिते आहे. मधेच दोनदा वाटलं, तुम्हाला कशाला, हे त्यांनाच द्यावं. त्यांना वाचता येतं, पत्ता माहीत आहे, नंबर अजून कॅलेंडरच्या मागे आहे, दर वर्षी जुन्या कॅलेंडरवरून काढून मी नव्याला खोचते. पण द्यायचं तर पूर्ण द्यावं लागेल, आणि काल टेबलाशी मी त्यांना पूर्ण सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, बाईला कळलं नाही, गवंड्याने घात केला. शेजारणीलाही तेच वाटतंय. इथपर्यंतच वाचलंत तर तुम्हालाही तेच वाटेल.

मी चहा घेऊन बाहेर आले ना, तेव्हा आधी बुंध्याकडे नाही, तोडलेल्या खोडाकडे पाहिलं. गाठ त्याच्यावर होती, अण्णा. माझं बोट तुम्ही जिथे ठेवलं होतंत तिथेच, फुगून चांगली मनगटाएवढी झालेली. मी तिच्यावरून हात फिरवला. फांद्या हिरव्यागार होत्या, दोन दिवस तशाच पडून होत्या, पानंही मिटली नव्हती. डबा घरात होता, फडकं होतं, दापोलीची एसटी होती. नुसता एक फोन करायचा होता. पण फोन केला तर त्यांना म्हणावं लागलं असतं की या, आणि मला ते म्हणवलं नाही. तिसऱ्या दिवशी गवंडी आला, त्याने विचारलं हे ठेवू की टाकू, आणि मी टाक म्हणाले.