टाकीत उतरणारं साधन

४ नोव्हेंबर
लागली बाई एकदाची नोकरी. साताऱ्याहून बोचकं उचललं नि खालापुरात आनंदीबाईंच्या मागच्या खोलीत येऊन पडले. बाई बोलायला फटकळ, पण आल्या आल्या गरम भाकरी पुढे ठेवली, म्हणून सगळं माफ.

ऑफिस कुंभिवलीला, हायवेलगत. आमची कंपनी आसपासच्या कारखान्यांच्या टाक्या, मोटारी, गटारं सांभाळते. तक्रार आली की ती माणूस वाचत नाही, संगणकातला एजंट वाचतो. त्याच्या हाताशी साधनं दिलेली असतात, त्यातलं एक निवडून तो कामाला लावतो. निवडतो कशावरून, तर साधनाच्या वर्णनावरून. त्यापलीकडे त्याला काही दिसत नाही. त्या वर्णनांना गुण देणं हे माझं काम. मराठीत एम.ए. करून यंत्राचे निबंध तपासतेय म्हटल्यावर आई फोनवर हसतच सुटली.

७ नोव्हेंबर
वर्णनं कुणी लिहिलीत देव जाणे. ‘टाकी सफाई : टाकी साफ करते.’ अरे वा, कळलं की सगळं. शून्य दिलं. आमचे मॅनेजर मनोज सर म्हणाले, नावं ठेवणं सोपं असतं, तुम्हीच लिहा. मग जुन्या कामांची माहिती काढून लिहिलं : बंद टाकीतला गाळ काढायला हेच वापरावं, तासाभरात पोचतं, अरुंद झाकणातून आत जातं, सुट्टी लागत नाही. पाईपवालं एखादं मशीन असणार, असं माझ्या डोक्यात. सर खूश. पूर्वी एजंट गोंधळायचा, आता दरवेळी बिनचूक तेच साधन उचलतो म्हणाले. मीही फुशारले.

१२ नोव्हेंबर
दुपारी डबा खाताना पायरीवर एक बाई येऊन बसली. ठकी नाव, डोंगराखालच्या वाडीवरची. तिचं म्हणणं, फोन करणाऱ्याला जरा सांगा, आमच्या माणसाला दम खाऊ द्या. पयले कधीतरी बोलावणं यायचं, आता रोज टाकी. डोळं लाल हायेत, खोकला थांबत नाय, जेवण जात नाय. मी विचारलं, कसली टाकी. तिने फोनच हातात दिला. मेसेज होता : ‘टाकी सफाई. ताबडतोब निघा.’

मशीन नाही. लडकू, तिचा नवरा. झाकणातून आत जातो तो हा माणूस, आणि त्याला रोज आत धाडलं माझ्या सुबक वर्णनाने. डबा तसाच कुत्र्यापुढे ठेवला.

१३ नोव्हेंबर
सरांना विचारलं. त्यांना ठाऊक होतं. वर मलाच समजावतात, नको असेल तर त्याने नाही म्हणावं, कुणी बांधून ठेवलंय? नाही म्हटलं की आठवडाभर काम देत नाहीत, हे ठकीने सांगितलं होतं. संताप संताप झाला. साधन काढून टाका म्हटलं तर हसले. मग मीच वर्णन बदललं : आत माणूस जातो. टाकीतली हवा तपासल्याशिवाय आणि वर दोरी धरायला दुसरं माणूस असल्याशिवाय वापरू नये. लिहून जरा बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
आज तपासायला एक नवं साधन आलं.

‘दोरी धरणे. दिवसा कुंभिवलीच्या ऑफिसात असते. खालापुरात एकटी राहते. लडकूची काळजी वाटते, म्हणून बोलावलं की येते.’

सर शपथेवर सांगतात, कुणीही लिहिलेलं नाही. दुसरं माणूस हवं असं तुम्हीच लिहिलंत ना, एजंटने शोधलं. वर म्हणतात, वर्णन मात्र झकास जमलंय.

झकासच आहे. खोट काढायला जागा नाही.

१६ नोव्हेंबर
पुसलं. परत आलं. पुन्हा पुसलं. परत आलं, एक ओळ वाढवून : ‘आईला काही सांगत नाही.’
हे त्याला कुणी—
राजीनामा दिला. सर म्हणाले जा, पण लडकू उद्या उतरणार, दोरीला कुणी असो नसो.

१७ नोव्हेंबर
खोपोलीकडचा बंद कारखाना. मेसेज आला. आले. न येऊन करते काय.
फोन शेजारी ठेवून बोलतेय, तो लिहून घेतोय. दोन्ही हातांत दोरी.
लडकूने उतरताना सांगितलं, दोन झटके म्हणजे वर वढा. मी म्हटलं हवा तपासली का. हसला.
आता हाक मारली तर ओ देत नाही. अग्निशमनवाले येतो म्हणाले. सर फोन उचलत नाहीत. फाटकावर चिटपाखरू नाही—

मेसेज : ‘टाकी सफाई प्रतिसाद देत नाही. पर्यायी साधन : दोरी धरणे. आत जावे.’
नाही म्हणून पाठवलं. एजंट उत्तरं वाचत नाही.
आत जायचं नसतं. मागून उतरलेला पण मरतो, हे मला माहीत आहे. मला माहीत—

दोन झटके.
जिवंत आहे. ओढतेय. हलत नाही. एकटीला नाही—
परत दोन. हलके.

ओळखून आहे मेलं यंत्र मला. बरोब्बर ओळखून—
दोरी खांबाला बांधली. तोंडाला ओढणी.
कुणी ऐकत असेल तर ठकीला सांगा, मी त्याला सोडून—