वरण कच्चं अन् मेंडोलीन शिजते

अकोला, सोमवार

आदरणीय माणिक मावशीले शालूचा सादर जय भीम. रातभर माह्या डोळ्याले डोळा नाई लागला, म्हणून अक्षर वाकडं आलं त सांभाळून घेजो. (चौथीत शाळा सुटली, सरळ तवाही नव्हतं.) झोप काहून नाई म्हणशीन, त माह्या उशाशी एक लाकूड वाकवून बांधलेलं हाय अन् ते कवा सुटन याचा नेम नाई. तुहे गुडघे कसे हायेत? अकोटात ऊन कसं हाय? आमच्या अकोल्यात ऊन कमी पडलं, म्हणून आमी घरात वाफ करून राह्यलो.

तुहे लाडके जवाई मेंडोलीन बनवून राह्यले. भीमगीतांच्या पार्टीत ते वाजवतेत हे तुले ठाऊकच हाय. जुनं मेंडोलीन मागच्या महिन्यात फुटलं अन् जयंती आली पंधरा दिवसावर. दुसरा कोणी असता त कोणाजवळून मागून आणलं असतं. यायनं मोबाईलवर एक गोरा माणूस पाह्यला. तो मेंडोलीनच्या बाजूची लाकडाची पट्टी वाफेत ठेवते, मंग जिलेबीवाणी वाकवते अन् हासते. बोलत काईच नाई, नुसता हासते. (त्याच्या घरात लेकरू दिसत नाई, बायकोही दिसत नाई, म्हणून हासत असन.) पट्ट्या भिजवाले माधवीचा आंघोळीचा टब गेला. तुही नात सात महिन्याची झाली, आता घमेल्यात आंघोळ करते. वाफेसाठी माहा कुकर गेला. शिटी काढून तिथं रबरी नळी लावली, नळी घातली एका जाड पाइपात अन् पाइपात पट्टी. चार दिवस झाले, आमच्या घरी वरण कच्चं राहते अन् लाकूड शिजते. शेजारची जमुनाबाई म्हणे, "एवढी वाफ, काय शिजवून राह्यली वो शालू?" म्हणलं, "मेंडोलीन." बिचारी म्हणे, "झालं की वाटीभर देजो."

दादाले फोन काहून नाई केला म्हणशीन. टाइम पाहाले मोबाईल टबावर टांगला होता, तो त्या गोऱ्या माणसासकट पाण्यात पडला. घरात तोच एक. जमुनाबाईचा फोन हाय, पण दादाचा नंबर कोणाले पाठ हाय? ती उद्या अकोटले माहेरी चालली, तिच्याच हातानं चिठ्ठी पाठवते.

आता असली गोष्ट सांगते. पट्टी बोटाएवढी जाड. पयली कडकन मोडली, दुसरीही मोडली. मी म्हणलं, "पातळ करा वो, मंग वाकते." त म्हणे, "तुले काय समजते? लाकूड पातळ केलं त आवाजही पातळ येईन." मावशी, माहा सख्खा भाऊ सुतार, तुह्याच आंगणात मी त्याच्या हातात पट्ट्या देत मोठी झाली. माधवीच्या पाळण्याची कमान वाकवली तवा धर्मेंद्रदादानं लाकूड रंधून रंधून पापडावाणी केलं होतं. पण मी सांगितलं की मी अडाणी. गोरा माणूस हासते, तो शायना.

तिसरी पट्टी कशीतरी अर्धी वाकली. ती साच्याले सायकलच्या ट्यूबनं आवळली अन् मले हुकूम झाला, दोन दिवस हात लावाचा नाई. हात कोण लावते? काल दुपारी ट्यूब आपोआप सुटली. पट्टी जे उडाली ते सरळ डब्याच्या मांडणीवर. तांदळाचा डबा चेपला, मावशी, पत्र्याचा डबा. अन् त्या डब्याच्या समोर माधवी बसून होती. मी तिले नुकतंच शी धुवाले उचललं होतं, म्हणून वाचली. यायचं तोंड पांढरं पडलं. मले वाटलं, आता फेकतीन. संध्याकाळी दोन ट्यूबा जास्त लावून पुन्हा बांधली. म्हणतेत, "आता नाई सुटत." आमची त एकच खोली. मंग मी परात आडवी धरून लेकराच्या अन् लाकडाच्या मधात बसून राह्यली. ते मस्त घोरत होते. आवाज चांगला जाड होता.

मले आता इथं राह्याचं नाई. दादाले सांगजो, बडनेऱ्याहून ये अन् मले अन् माधवीले घेऊन जा. बाकी सगळं ठीक.

तुही शालू

ता. क. मावशीले वाचता येत नाई, म्हणजे हे तू वाचून राह्यली असशीन, शेजारची करिश्मा असो का दुसरं कोणी. इथून पुढचं मोठ्यानं वाचू नको. मावशीले सांगितलं म्हणजे अकोटच्या बसस्टँडवर भोंगा लावला. जुनं मेंडोलीन मी फोडलं. गोधडीखाली होतं, मी लेकराले घेऊन बसली अन् खाली कर्रकन वाजलं. मी ते तसंच खोळीत घालून ठेवलं. त्यायले वाटते ऑटोत आपटलं. मलेच म्हणतेत, "शालू, माह्याच हातानं फुटलं वो." आता मी कोणत्या तोंडानं म्हणू, की बंद करा हे?

आणखी ता. क. म्हणून वर लिवलं ते 'घेऊन जा' खोडून टाक. दादाचा नंबर मावशीच्या दरवाज्यामागं खडूनं लिवला हाय. दोन हायेत, खालचा खरा. त्याले म्हण, रंधा घेऊन उद्याच्या पयल्या गाडीनं अकोल्याले ये, अन् लाकूड पातळ कराचं त्यालेच सुचलं असं दाखव. माहं नाव घेऊ नको. पण फोन आजच लावजो बाई, चिठ्ठी खाली ठेवाच्या पयले. माधवी कालपासून रांगाले लागली, अन् ती सरळ त्या लाकडाकडेच जाते.